दैवी पाचारण आणि संघप्रवेश : गोन्सालो गार्सिया व जोसेफ वाझ यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पोर्तुगीज सत्तेचा विचार मराठी इतिहासलेखनात प्रामुख्याने राजकीय अंगाने झालेला आहे. छत्रपती संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्यावरील स्वारी, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेली वसई, १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले इन्क्विझिशन या घटनांची चर्चा विपुल प्रमाणात आढळते. तथापि या सत्तेच्या छायेत ख्रिस्ती झालेल्या कोकण व गोव्यातील समाजाचे आंतरिक धर्मजीवन कसे होते, त्या समाजातील तरुणांच्या आध्यात्मिक आकांक्षा कोणत्या होत्या आणि त्या पूर्ण होण्याच्या मार्गात कोणते अडथळे होते, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेलेले दिसते.

कॅथलिक परंपरेत धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्याच्या अंतःप्रेरणेला 'पाचारण' असे म्हणतात. ही प्रेरणा खरोखर ईश्वराची आहे की मनाचा केवळ क्षणिक आवेग आहे, हे पारखण्याची एक दीर्घ परंपरा चर्चमध्ये विकसित झाली. मात्र पाचारण ओळखणे आणि एखाद्या धर्मसंघाने त्या व्यक्तीला प्रवेश देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट व्यक्तीच्या अंतःकरणात घडते, तर दुसरी संस्थेच्या निर्णयाने. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील भारतात या दोहोंमध्ये मोठे अंतर पडले होते. वसईचे गोन्सालो गार्सिया आणि गोव्याचे जोसेफ वाझ या दोन व्यक्तींच्या जीवनाच्या आधारे या अंतराचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कॅथलिक परंपरेतील पाचारणाची पारख व संघप्रवेशाची प्रक्रिया समजून घेणे.
२) सोळाव्या व सतराव्या शतकांत भारतीयांच्या संघप्रवेशावर असलेल्या मर्यादांचा शोध घेणे.
३) गार्सिया व वाझ यांनी या मर्यादांना दिलेल्या प्रतिसादांची तुलना करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित साधनांपुरता मर्यादित आहे.

पाचारणाची पारख : संकल्पना व प्रक्रिया

पाचारणाच्या पारखीला शास्त्रशुद्ध रूप देण्याचे श्रेय मुख्यतः येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडे जाते. त्यांचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ १५४८ मध्ये छापला गेला. मनात उठणाऱ्या प्रेरणांपैकी कोणती प्रेरणा स्थिर समाधानाकडे नेते आणि कोणती अस्वस्थतेकडे, हे दीर्घकाळ निरखून जीवनमार्गाची निवड करावी, असा त्यातील विचार आहे. या प्रक्रियेत साधकाचे स्वातंत्र्य महत्त्वाचे मानले आहे. मार्गदर्शकाने साधकाला एका बाजूला झुकवू नये, असे इग्नेशियस यांनी बजावले आहे.

याच काळात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मधील आपल्या अखेरच्या सत्रात व्रतबंधनासंबंधी नियम केले. सोळा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय आणि किमान एक वर्ष उमेदवारीत काढल्याशिवाय कोणालाही व्रते घेता येणार नाहीत, असे ठरले. मठात प्रवेश घेणारी मुलगी स्वेच्छेने आली आहे की कोणी तिला भाग पाडले आहे, याची बिशपने चौकशी करावी, असाही नियम झाला. घराण्याच्या सोयीसाठी मुलामुलींना मठात घालण्याच्या युरोपातील प्रथेला यामुळे काही प्रमाणात आळा बसला.

उमेदवारीचा हा काळ 'नॉव्हिशिएट' या नावाने ओळखला जातो. या काळात उमेदवार संघाला पारखतो आणि संघ उमेदवाराला पारखतो. दोघांपैकी कोणीही मागे फिरू शकतो. त्यानंतरच दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतली जातात. सारांश, सिद्धांताच्या पातळीवर पाचारणाची पारख ही स्वातंत्र्य, योग्यता आणि शुद्ध हेतू या तीन कसोट्यांवर आधारलेली होती. व्यक्तीचा जन्म कोठे झाला, हा प्रश्न या कसोट्यांमध्ये मुळात बसणारा नव्हता.

भारतातील वस्तुस्थिती

प्रत्यक्षात मात्र भारतात जन्म हीच निर्णायक कसोटी ठरली. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. धर्मप्रांताच्या बिशपच्या अधिकाराखाली काम करणारे धर्मप्रांतीय धर्मगुरू आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, येशूसंघ इत्यादी संघांचे व्रतस्थ धर्मगुरू हे दोन वेगळे वर्ग होत. १५४१ मध्ये गोव्यात स्थानिक मुलांच्या शिक्षणासाठी सांता फे विद्यालय सुरू झाले आणि पुढे भारतीयांना धर्मप्रांतीय धर्मगुरू होता येऊ लागले. परंतु व्रतस्थ संघांची दारे त्यांना बंदच राहिली. सासष्टीतील धर्मग्रामांचा कारभार येशूसंघाकडे व बारदेशातील फ्रान्सिस्कनांकडे असल्याने तेथील देशी धर्मगुरूंना बहुधा साहाय्यकाचेच काम मिळे.

या बंदीला एक ठळक अपवाद आढळतो. मलबारकडील ब्राह्मण कुळात जन्मलेले पेरो लुईस यांना १५६१ मध्ये येशूसंघात प्रवेश मिळाला. १५७५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५९६ मध्ये त्यांचे निधन झाले. १७७३ मध्ये येशूसंघ बरखास्त होईपर्यंत या संघात प्रवेश मिळालेले ते एकमेव भारतीय धर्मगुरू मानले जातात. म्हणजेच सुमारे दोनशे वर्षांत हा अपवाद पुन्हा घडला नाही.

या धोरणामागे अलेस्सांद्रो वालिन्यानो यांचे मत विशेष प्रभावी ठरले. १५७४ मध्ये संघाचे निरीक्षक म्हणून ते गोव्यात आले. युरोपात जन्मलेले पोर्तुगीज, भारतात जन्मलेले पोर्तुगीज, मिश्र वंशाचे लोक आणि शुद्ध भारतीय अशी उमेदवारांची प्रतवारी त्यांनी लावली. ही उतरंड जसजशी खाली जाई तसतसा प्रवेश दुर्मीळ होई आणि शेवटच्या पायरीवर तो पूर्णतः नाकारला जाई. विशेष म्हणजे याच वालिन्यानो यांनी जपानी तरुणांना संघात घेण्याचा पुरस्कार केला होता. त्यामुळे हा नकार युरोपबाहेरील सर्वच लोकांना सरसकट लागू नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. १५९३ मध्ये तर येशूसंघाच्या पाचव्या महासभेने यहुदी व मुस्लिम वंशाच्या उमेदवारांनाही प्रवेशबंदी केली. रक्तशुद्धीची आयबेरियन कल्पना धर्मसंघाच्या अंतरंगात किती खोलवर शिरली होती, हे यावरून दिसून येते.

या परिस्थितीतील विसंगती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या उदाहरणाने ठळक होते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या स्टीफन्स यांनी १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात प्रवेश घेतला आणि १५७९ मध्ये ते गोव्यास आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले व मराठी वाङ्मयात त्याला मानाचे स्थान मिळाले. दूरदेशीचा एक धर्मगुरू सासष्टीच्या लोकांची भाषा आत्मसात करून त्या भाषेत पुराण रचू शकला. पण ते पुराण ऐकत वाढलेल्या सासष्टीच्या मुलाला त्याच्या संघात पाऊल ठेवता येत नव्हते.

गोन्सालो गार्सिया : दुसऱ्या दाराचा शोध

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसई येथे झाला. त्यांचे पिता पोर्तुगीज व माता स्थानिक होती. वसईतील येशूसंघीयांच्या सान्निध्यात त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच त्यांच्यासोबत ते जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांना साहाय्य केले. संघात प्रवेश मिळावा ही त्यांची तीव्र इच्छा होती. ती त्यांनी व्यक्तही केली. परंतु प्रवेश मिळाला नाही. मिश्र वंशाच्या उमेदवारांविषयीचे संघाचे तत्कालीन धोरण पाहता या नकाराची पार्श्वभूमी समजू शकते.

नकारानंतर गार्सिया यांनी व्यापार पत्करला व त्यात त्यांचा जमही बसला. त्यांचे पाचारण केवळ आवेगाचे असते, तर ते या समृद्धीत विरून गेले असते. प्रत्यक्षात ते टिकून राहिले. व्यापारानिमित्त मनिला येथे जाणे झाले असता त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला आणि १५८७-८८ च्या सुमारास त्या संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. त्यांना गुरुदीक्षा मिळाली नाही. संघातील सर्वांत साध्या दर्जाचे सभासदत्व त्यांनी पत्करले.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते जपानला परतले. ज्या भाषाज्ञानाचा लाभ पहिल्या संघाने घेतला, त्याचाच लाभ आता दुसऱ्या संघाला झाला. पुढे तोयोतोमी हिदेयोशी यांच्या आज्ञेने ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मृत्युदंड देण्यात आला. त्यात गार्सिया यांच्यासह सहा फ्रान्सिस्कन होते आणि पॉल मिकी यांच्यासह तीन जपानी येशूसंघीय होते. ज्या संघाने वसईच्या तरुणास आत घेतले नव्हते, त्याच संघाचे सभासद आणि तो तरुण एकाच टेकडीवर मरण पावले. १६२७ मध्ये गार्सिया यांना धन्यवादित म्हणून व ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले. वसईत आजही त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

जोसेफ वाझ : नव्या घराची उभारणी

गार्सिया यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी हाच प्रश्न गोव्यात पुन्हा उभा राहिला. जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे आजोळी झाला. त्यांचे पितृगृह सांकवाळ येथे होते. येशूसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि पुढे डॉमिनिकनांच्या विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले. म्हणजे या संघांच्या वर्गांत देशी मुलांना स्थान होते, त्यांच्या मठांत मात्र नव्हते. १६७६ मध्ये वाझ यांना धर्मप्रांतीय धर्मगुरू म्हणून दीक्षा मिळाली.

संघजीवनाची ओढ असूनही कोणत्याही संघाचे दार आपल्यासाठी उघडे नाही, या स्थितीत त्यांनी उचललेले पहिले पाऊल लक्षणीय आहे. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळ येथे त्यांनी आपण पवित्र मरियेचे दास असल्याचा लेख स्वतःच्या सहीने लिहून दिला. व्रते स्वीकारण्यास कोणताही संघ पुढे नव्हता, तेव्हा त्यांनी आपले समर्पण असे वैयक्तिक दस्तऐवजाच्या रूपात नोंदवले. त्या लेखातील 'दास' हा शब्द गुलामांचा व्यापार उघडपणे चालणाऱ्या गोव्यात लिहिला गेला होता, हे विसरता येत नाही.

वाझ यांची इच्छा श्रीलंकेत जाण्याची होती. तेथील किनारपट्टी डचांनी १६५८ पर्यंत पोर्तुगिजांकडून जिंकून घेतली होती व कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. पण १६८१ मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्यांना श्रीलंकेऐवजी कानडा प्रांतात पाठवले. तेथे पोर्तुगीज राजाचा धर्माधिकार आणि रोमच्या प्रॉपगंडा खात्याचा अधिकार यांच्यात तीव्र वाद चालू होता. प्रॉपगंडाचे प्रतिनिधी बिशप थॉमस द कास्त्रु हेही मूळचे गोव्याचेच होते. त्यांचे चुलते माथेउस द कास्त्रु यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेल्यावर ते रोमला गेले होते व १६३७ मध्ये तेथे बिशप झाले होते. नाकारलेल्या पाचारणाचा हा आणखी एक मार्ग म्हणता येईल. वाझ यांनी मात्र रोमचा मार्ग धरला नाही.

१६८४ मध्ये ते गोव्यात परतले. त्याआधी काही महिने मराठी फौजांनी सासष्टी व बारदेशात धडक मारून पोर्तुगीज सत्ता हादरवली होती. १६८२ च्या सुमारास काही देशी धर्मगुरू जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रुसाच्या चर्चजवळ एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगू लागले होते. त्यांना निश्चित नियम किंवा मान्यता नव्हती. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ या समूहात दाखल झाले व लवकरच त्यांची प्रमुख म्हणून निवड झाली. या समूहाला त्यांनी संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी संघाचे रूप दिले.

ही निवड विचारपूर्वक झालेली दिसते. रोम येथे १५७५ मध्ये मान्यता मिळालेल्या ओरेटरी संघात धर्मगुरू व्रते न घेता एकत्र राहतात. त्यांना बांधून ठेवणारे सूत्र परस्पर प्रेमाचे असते. शिवाय प्रत्येक ओरेटरी स्वायत्त असते. त्यामुळे गोव्याच्या ओरेटरीला युरोपीय वरिष्ठांच्या किंवा प्रांताधिपतींच्या परवानगीवर अवलंबून राहावे लागणार नव्हते. तिने लिस्बनच्या ओरेटरीचे नियम स्वीकारले आणि १७०६ मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांची मान्यता तिला मिळाली. संपूर्णतः देशी धर्मगुरूंचा संघ अशा रीतीने अस्तित्वात आला.

१६८६ मध्ये वाझ प्रमुखपदावरून मुक्त झाले आणि जॉन नावाच्या एका तरुण सेवकासह श्रीलंकेकडे निघाले. १६८७ मध्ये मजुराच्या वेषात ते जाफन्यास पोहोचले. १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात पोर्तुगिजांचे हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैद झाली. कालांतराने राजा दुसरा विमलधर्मसूर्य यांचा विश्वास त्यांनी संपादन केला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली, तेव्हा त्यांनी धर्मभेद न मानता रुग्णांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित म्हणून आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून कोलंबो येथे घोषित केले.

डचांच्या पहाऱ्यातून युरोपीय धर्मगुरूला श्रीलंकेत वावरणे जवळजवळ अशक्य होते. सावळ्या वर्णाचा, अनवाणी चालणारा गोमंतकीय मात्र मजुरांत सहज मिसळून जाई. ज्या वर्णामुळे गोव्यातील मठांची दारे बंद झाली, तोच वर्ण श्रीलंकेत कार्याचे साधन बनला.

मुक्तीची मर्यादा

गोव्याच्या ओरेटरीने वंशाचा अडसर दूर केला खरा, परंतु तिच्याही दारात एक उंबरठा राहिला. या संघात प्रवेश ब्राह्मण कुळांतून आलेल्या धर्मगुरूंपुरताच मर्यादित होता. धर्मांतरानंतरही गोव्यातील ख्रिस्ती समाजात जातिभेद टिकून होता व त्याचे प्रतिबिंब संघातही उमटले. चार्डो म्हणजे क्षत्रिय कुळांतील धर्मगुरूंनी अठराव्या शतकात चिंबल येथे कार्मेलाईट परंपरेतील स्वतंत्र मठाचा आश्रय घेतला. अन्य जातींतील तरुणांना तर गुरुदीक्षाही दुर्लभ होती. वाझ यांच्यासह संकटे सोसणाऱ्या जॉनचा उल्लेख सेवक म्हणूनच येतो, ही बाबही बोलकी आहे.

असे असले तरी ओरेटरीचे योगदान मोठे आहे. दिवाडी बेटावर जन्मलेले याकोमे गोन्साल्विस १७०५ मध्ये श्रीलंकेस गेले व सिंहली आणि तमिळ भाषांत त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. सेबाश्तियांव दु रेगु या ओरेटरीच्याच सभासदाने लिहिलेले वाझ यांचे पोर्तुगीज चरित्र १७४५ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. पोर्तुगालने १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये त्याची अंमलबजावणी गोव्यात झाली, तेव्हा ही ओरेटरीही संपुष्टात आली. तथापि देशी संघाची कल्पना लोप पावली नाही. १८८७ मध्ये आगोंद येथे फादर बेंतु मार्तिन्स यांनी स्थापन केलेला व पुढे पिळार येथे बहरलेला संत फ्रान्सिस झेवियर धर्मप्रसारक संघ हा तिचाच पुढील आविष्कार मानता येतो.

निष्कर्ष

१) पाचारणाची पारख ही केवळ व्यक्तीची आंतरिक घटना नसून ती व्यक्ती व संघ यांच्यातील दुहेरी प्रक्रिया आहे. त्यामुळे संघाचे पूर्वग्रहही तिच्यात प्रवेश करतात.
२) सोळाव्या व सतराव्या शतकांत भारतीयांना मिळालेला नकार चर्चच्या तात्त्विक कसोट्यांतून आलेला नव्हता. तो वसाहतवादी वंशभेदातून निर्माण झाला होता.
३) या नकाराला भिन्न प्रतिसाद मिळाले. माथेउस द कास्त्रु यांनी वरिष्ठ सत्तेकडे दाद मागितली, गार्सिया यांनी परदेशात दुसरा संघ शोधला आणि वाझ यांनी नवा संघ घडवला.
४) नव्याने घडवलेला संघ जातिभेदापासून मुक्त राहू शकला नाही. वगळल्या गेलेल्यांच्या संस्थेलाही इतरांना वगळण्याचा मोह टाळता आला नाही.

१९८३ च्या चर्चविषयक कायदेसंहितेतील कलम ५९७ नुसार शुद्ध हेतू व आवश्यक योग्यता असणाऱ्या आणि कोणतीही कायदेशीर बाधा नसणाऱ्या कोणाही कॅथलिक व्यक्तीस संघात प्रवेश मिळू शकतो. नॉव्हिशिएटसाठी किमान सतरा वर्षे वय, किमान बारा महिन्यांची उमेदवारी आणि आजन्म व्रतांपूर्वी तात्पुरत्या व्रतांचा किमान तीन वर्षांचा काळ अशी आजची रचना आहे. त्यात वंश किंवा जात यांचा उल्लेख नाही. हे साधे वाटणारे वाक्य कायद्यात येईपर्यंत गार्सिया यांच्या मृत्यूला तीन शतकांहून अधिक काळ उलटला होता. म्हणून आजही एखादा संघ उमेदवाराचे पाचारण तपासतो, तेव्हा त्याने स्वतःचे दारही तपासून पाहावे, असे हा इतिहास सुचवतो.